जागेचा रकाना

गुणवंत मावसा लिफ्टमध्ये शिरायलाच तयार नव्हते. खालच्या वॉचमनने फोन करून सांगितलं, "मॅडम, तुमचे पाहुणे जिन्याने निघालेत." सहा मजले! मी धावत जिन्याशी गेले, तर हे आपले आरामात वर येतायत. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात पिशवी, आणि दम लागल्याची खूण नाही.

"अहो मावसा, वय काय तुमचं!"

"एकतीस वर्षं रोज बारा किलोमीटर रूळ चाललो मी. तुह्या सहा माळ्यांचं काय घेऊन बसली?"

मावसा म्हणजे माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचे यजमान. रेल्वेत कीमन होते. हातोडा खांद्यावर टाकून रुळाच्या कडेने चालायचं, रूळ घट्ट धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी बघायची, सैल असेल ती ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले आणि आंबडोहच्या लोकांनी त्यांना सरपंच केलं. रेल्वेच्या पासवर रात्रभर प्रवास करून ते थेट माझ्या ऑफिसात आले होते. २००६ सालचा मे महिना होता, वार मंगळवार.

माझं ऑफिस म्हणजे वीज कंपनीचा नियोजन विभाग. पुढच्या पंधरा वर्षांत किती वीज लागेल आणि ती कुठून आणायची, याचा आराखडा आम्ही करायचो. तो नियामक आयोगापुढे ठेवायचा. आयोग लोकांना बोलावून हरकती ऐकायचा आणि मग मंजुरी द्यायचा. दर पाच वर्षांनी नवा आराखडा. मी तिथे कार्यकारी अभियंता होते, आणि नव्या आराखड्याची जनसुनावणी दोनच दिवसांवर आली होती.

मावसांनी पिशवीतून आधी मावशीने दिलेले सांडगे काढले, मग एक घडी घातलेला कागद.

"हे वाच."

जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्याचं पत्र होतं. मौजे आंबडोह हे प्रस्तावित औष्णिक वीज प्रकल्पाच्या क्षेत्रात येत असल्याने तिथे कोणताही सार्वजनिक खर्च करता येणार नाही.

"पाच वर्षं झाली," मावसा म्हणाले. "नाल्यावरच्या पुलाच्या सिमेंटच्या नळ्या काठावर येऊन पडल्या, अन् काम थांबलं. म्हणते, तुमचं गाव प्लांटसाठी उठणार, मंग पूल कोणासाठी? शाळेची खोली नाही, दवाखाना नाही. जमीन विकता येत नाही. आमच्या पोराईले कोणी पोरी देत नाही, म्हणते उठणाऱ्या गावात काय द्यायची! बाकीचं जाऊ दे. मले फक्त पूल पायजे."

"पूल माझ्या हातात कुठे आहे, मावसा?"

"नाव तर आहे? तुमच्या यादीत आहे ते नाव. तेवढं खोडलं की झालं. मी बांधकामच्या इंजिनिअरले भेटलो. तो म्हणते, कंपनीनं सुनावणीत नुसतं सांगतलं की आंबडोह सोडलं, तरी मी सोमवारी काम लावतो. सहा हप्त्यांचं काम आहे. पाणी चढायच्या आत होते."

मग दुसरीकडे बघत म्हणाले, "रंजनाले पाचवा लागला."

रंजना त्यांची सून, प्रल्हादची बायको. आंबडोहच्या एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला नाला. पावसाळ्यात नाल्याच्या रपट्यावरून, म्हणजे पात्रातल्या बुटक्या फरसबंद वाटेवरून, पाणी गेलं की गावाबाहेर पडायला वाटच नाही. आदल्या वर्षी दोन बायका रपट्याच्या अलीकडे खाटेवर बाळंत झाल्या होत्या.

"रंजनाला माझ्याकडे पाठवा. जुलैपासून इथेच राहू दे," मी म्हटलं.

"रंजनाले आणशील. बाकीच्या कुठं जातील? अन् सरपंचाची सून मुंबईले गेली, म्हणतील लोक." ते हसले. "तू आहेस ना इथं! मावशी तुही म्हणे, आपली वैजू त्याच खात्यात असताना तुम्ही कलेक्टरच्या दारात काहून बसता?"

मी म्हटलं, "बघते मी."

रात्री जेवताना मावसांनी माझ्या नवऱ्याला दोनदा सांगितलं, "आता काही काळजी नाही. वैजू बघते म्हणाली." मी मान खाली घालून वरण वाढत राहिले.

बुधवारी सकाळी मी पेंढारकर साहेबांच्या खोलीत गेले. ते आमचे मुख्य अभियंता. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट असता तर माझं सोपं झालं असतं.

"साहेब, आंबडोह काढू या."

"पाहुणे सांगडे घेऊन आले म्हणून?"

"सांडगे. आणि हो, म्हणूनच. पण तिथे काही होणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे."

"काढ ना," ते म्हणाले. "हजार मेगावॅट काढलेस की २०१२ला खड्डा पडतो. तो कसा भरशील?"

"गुजरातकडून घेऊ म्हणू."

"बरं, भरलास. मग आयोग विचारणार, पाच वर्षांपूर्वी दिलेली जागा आज का सोडता? पाहणीत काय निघालं? पाहणीचा अहवाल जोडा म्हणेल. जोडशील?"

मी हातातली फाइल मिटली.

"मग म्हणतील, बाकीच्या जागांचेही अहवाल दाखवा. सगळा आराखडा परत येईल, वर्ष जाईल. आणि चौकशी लागेल ती वेगळीच. जूनमध्ये तुझ्या बढतीची समिती बसतेय, ठाऊक आहे ना?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "ऑक्टोबरमध्ये दुरुस्तीपत्रक जातं. त्यात एका ओळीत गाळून टाकू. कोणाच्या लक्षातही येणार नाही. शब्द देतो तुला. पाच पावसाळे काढले त्यांनी, आणखी एक काढतील."

आणखी एक. मलाही ते पटलं. पटलं म्हणजे काय, पटवून घेतलं. बढती हवी होती मला. अठरा वर्षं पुरुषांच्या खात्यात घासली होती, अधीक्षक अभियंता झालेली पहिली बाई मीच होणार होते. उगाच मुलामा कशाला देऊ?

संध्याकाळी मावसांना हे सांगायला हवं होतं. ते गॅलरीत बसून सुनावणीत काय बोलायचं ते पाठ करत होते, ओठ हलवत. नाही सांगितलं.

गुरुवारी अकराला सुनावणी सुरू झाली. मोठं सभागृह. समोर मंचावर आयोगाचे अध्यक्ष आणि दोन सदस्य, डाव्या हाताला कंपनीचं टेबल, तिथे आम्ही, आणि समोर हरकती घेणारे लोक. कारखानदारांचे वकील, ग्राहक पंचायतीचे एक आजोबा, पर्यावरणवाली दोन पोरं. प्रत्येकाला पाच मिनिटं. मावसांचा नंबर जेवणानंतर आला. पांढरा सदरा, टोपी नीट केलेली. हात जोडून उभे राहिले.

"मी गुणवंत देवतळे. सरपंच, आंबडोह. माझी हरकत नाही, एक सवाल आहे."

"विचारा," अध्यक्ष म्हणाले.

"मी रेल्वेत कीमन होतो साहेब. आमच्या इथं एक चावी सैल आहे असं लिहायचं तर आधी माणूस चालत जाते, हात लावून पाहते, मग वहीत लिहिते. आमचं गाव या यादीत लिहिलं. तर ते पाहायला कोण आलं, अन् कधी आलं? मी रोज त्याच रुळावर होतो. मला कोणी दिसलं नाही. कोणी आलंच नसेल, तर नाव खोडा. आमच्या पुलाचं काम अडलं आहे. एवढंच."

सभागृहात कोणीतरी हसलं. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी आमच्या टेबलाकडे पाहिलं. "प्रश्न रास्त आहे. कंपनीचं उत्तर?"

पेंढारकरांनी माईक माझ्यासमोर सरकवला. मावसा माझ्याकडे बघत होते. तोंडावर काळजी म्हणून नव्हती. त्यांच्या मते नेमका हवा तो माणूस आता बोलणार होता.

आता सांगते कोण आलं होतं ते. कोणी आलं नव्हतं.

२००१च्या जानेवारीत आमचा पहिला आराखडा जायचा होता. तेव्हा मी उपअभियंता होते, तक्ते माझ्याकडे. मागणीची बेरीज एकीकडे, विजेची बेरीज दुसरीकडे. दहा वर्षं जमली, अकराव्या वर्षी हजार मेगावॅट कमी पडत होते. तिथे मी लिहिलं, नवीन औष्णिक प्रकल्प. शेजारच्या जागेच्या रकान्यात लिहिलं, निश्चित व्हायची आहे. आयोगाच्या कचेरीने अर्ज परत पाठवला. जागा नसलेली वीज धरता येणार नाही, म्हणे. पाचच्या आत दुरुस्त करून द्या, नाहीतर मुदत संपली. चार वाजले होते.

पेंढारकर म्हणाले, "अगं टाक काहीतरी! पाणी, रेल्वे, कोळसा जवळ असलं म्हणजे झालं. अकरा वर्षांनी कोण बघतंय?"

आमच्याकडे ती रीतच होती. खड्डा पडला की प्रकल्प लिहायचा, पाच वर्षांनी बदलायचा. त्या यादीतल्या आणखी दोन जागा दुसऱ्या टेबलांवर अशाच भरल्या गेल्या होत्या. मी विचार केला, पाणी आणि रेल्वे एकत्र कुठे पाहिलं आपण? तर मावशीचं गाव आठवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे नदीत डुंबायचो, मे महिन्यातही डोहात पाणी असायचं, आणि पलीकडून मालगाड्या जायच्या. मी आंबडोह टाइप केलं. खोटं कशाला बोलू, गंमतही वाटली. मावशीच्या गावाचं नाव सरकारी कागदावर!

पुढे आराखडा मंजूर झाला, प्रत कलेक्टर कचेरीत गेली. तिथल्या माणसांना आमची रीत कुठली माहीत असायला? त्यांनी मंजूर यादी पाहिली आणि गावाच्या सातबारावर शिक्के मारले.

हे सगळं मी माईकवर एका वाक्यात सांगू शकले असते. 'सर, पाहणी झालेली नाही, नाव मागे घेतो.' बारा शब्दसुद्धा होत नाहीत.

मी म्हणाले, "सर, स्थळाची निवड पाण्याची उपलब्धता, लोहमार्ग आणि कोळशाचं अंतर या तांत्रिक निकषांवर केलेली आहे. सविस्तर माहिती कंपनी यथावकाश सादर करील."

"नोंद घेतली," अध्यक्ष म्हणाले. "पुढचे."

मावसांनी माझ्याकडे वळून हात जोडले. "बरं आहे, मॅडम," म्हणाले, आणि जाऊन जागेवर बसले.

मला वाटलं, आता हा माणूस माझ्या घरी पाऊल ठेवणार नाही. ते चाललं असतं. पण बाहेर चहाच्या टपरीवर मला गाठून मावसा म्हणाले, "चांगलं बोललीस तू. तुले तरी काय, ऑफिसचं बोलावं लागते. पण मले माहीत नव्हतं व पोरी, एवढा अभ्यास करून आमचं गाव घेतलं म्हणून. मले वाटे, कोण्या बाबूनं असंच लिहून टाकलं."

"मावसा…"

"नाही, नाही. अभ्यास करून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी आहे. साऱ्या लोकाईले उजेड पायजे, तर कोणाचं तरी गाव जाणारच. सांगतो मी गावात."

मी 'ऑक्टोबरमध्ये बघू' असं काहीतरी पुटपुटले. ते त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. संध्याकाळच्या गाडीने गेले.

आणि त्यांनी सांगितलंसुद्धा गावात. गुणवंत देवतळे खोटं बोलत नाहीत हे सगळ्यांना माहीत. कलेक्टर कचेरीपुढे बसायचं ठरलं होतं, ते त्यांनी स्वतः रद्द करवलं. पोरगी त्याच खात्यात आहे, तिने सभेत सांगितलं, सगळा अभ्यास झालेला आहे, असं म्हणाले. पुलाचा विषय संपला.

जूनमध्ये मला बढती मिळाली. पेढे वाटले. जुलैत रंजनाला बोलावून घ्यायचं माझ्या मनात होतं, खरंच होतं. पण नवीन खुर्ची, नवीन काम. आज करते, उद्या करते.

ऑगस्टच्या अकरा तारखेला दुपारी आईचा फोन आला. रंजनाला आठवा महिना होता. सकाळी अंगावरून जायला लागलं. बैलगाडीत घालून नाल्यापर्यंत आणली तर रपट्यावर कमरेएवढं पाणी. पलीकडे रुग्णवाहिका येऊन उभी. ड्रायव्हर दिसत होता, हातवारे करत होता. सहा तास ते काठावर बसले. पाणी उतरलं तेव्हा प्रल्हाद तिला खांद्यावर घेऊन पलीकडे गेला, आणि पलीकडे नर्सने हात लावून सांगितलं, आता राहू द्या. पोटातली मुलगी होती.

मी तेरवीला गेले. पाणी ओसरलेलं होतं, माझी गाडी रपट्यावरून सरळ गेली. काठावर सिमेंटच्या नळ्या गवतात पडल्या होत्या. त्या नळ्यांवर पोरं चढली होती.

जेवणं झाल्यावर मावसा मागच्या ओसरीत एकटे बसले होते. मी समोर जाऊन खालीच बसले. वाटेत सतरा वाक्यं तयार केली होती, त्यातलं एक आठवेना.

"मावसा, तुमचं गाव पाहायला कोणी आलं नव्हतं. अभ्यास कसला नि काय. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून ते नाव मी लिहिलं. मीच."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं ऐकलं नाही.

"कोणत्या साली?"

"२००१. जानेवारी."

"हातानं लिहिलं का मशीनवर?"

"मशीनवर."

"किती वेळ लागला?"

"एक मिनिट."

"अन् खोडाले किती लागला असता?"

"तेवढाच."

मावसांनी मान हलवली. वहीत नोंद करताना माणूस हलवतो तशी. मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांचे पाय धरले, रडले. म्हटलं, "मी सगळ्यांना सांगते. मावशीला सांगते, प्रल्हादला सांगते. आयोगालाही लिहून देते."

तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "खबरदार! प्रल्हादले एक शब्द बोलशील तर! आठ दिवस तो पोरगा अन्नाले शिवला नव्हता. मी त्याले समजावलं, बापू, मोठ्या कामासाठी पूल अडला होता. साऱ्या मुलखाले वीज भेटणार म्हणून आपण थांबलो होतो. त्यावर तो जेवला. आता काय सांगशील त्याले? एका मिनिटात लिहिलं म्हणून?"

"पण ते खोटं आहे, मावसा."

"तुह्याच तोंडून ऐकलं मी ते. मॅडम म्हणून." त्यांनी पाय मागे घेतले. "आता तेच राहू दे."

पेंढारकरांनी दिलेला शब्द पाळला, हेही सांगून टाकते. ऑक्टोबरच्या दुरुस्तीपत्रकात आंबडोह एका ओळीत गाळलं गेलं. आयोगाने कारण विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पूलही झाला. प्रकल्प येणार नाही असं गावाला मात्र कधी कोणी कळवलं नाही. अशा गोष्टी कळवायची पद्धत नाही. गावात समज असा की लांबलंय, होईल. मावसा पुढे चार वर्षांनी गेले, तेही हे पोटात ठेवून. प्रल्हादने दुसरं लग्न केलं नाही. मला निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली आणि मी अजून गप्प आहे. इथे पहिल्यांदा सांगतेय.

तेरवीच्या त्या दिवशी निघताना प्रल्हाद मला गाडीपर्यंत सोडायला आला. डोकं भादरलेलं, अंगात नवा सदरा. गाडीच्या खिडकीशी उभा राहिला, काहीतरी बोलायचं होतं, पण जमत नव्हतं.

"बोल ना रे," मी म्हटलं.

"ताई, एक विचारू? तू मोठी साहेब आहेस म्हणून विचारतो." तो चाचरला. "प्लांट होईल तेव्हा तिथं गेटवर एक पाटी लावता येईल काय? लहानशीच. रंजनाचं नाव अन् तारीख. बाकी काही नको."

मागे ओसरीच्या पायरीवर मावसा येऊन उभे होते. इतक्या लांबून त्यांना ऐकू आलं नसणार.

"लावता येईल," मी म्हणाले.

"बरं झालं," प्रल्हाद म्हणाला. "मले वाटलं, नाही म्हणशील."